बुळकांडीची भावंडं

आप्पांनी वाळूत उकिडवं बसून पहिलं काय केलं असेल, तर त्या मेलेल्या जनावराची आचळं शोधली.

गुहागरच्या पुढं एका लहानशा बीचवर सकाळी चालायला गेलो होतो, दोन वर्षांमागची डिसेंबरातली गोष्ट, आणि भरतीच्या रेषेवर एक काळपट करडं धूड पडलेलं दिसलं. साधारण माणसाएवढं लांब, तोंड गोल, चोच नाही, पाठीवर पर नाही. दोन कुत्री लांब बसून आम्ही जायची वाट बघत होती. मी म्हटलं डॉल्फिनचं पिल्लू असेल, तर तिथं उभ्या असलेल्या एका काकांनी ते लगेच खोडून काढलं, डॉल्फिन वेगळा म्हणाले, याच्या पाठीला पर नसतो. नंतर नेटवर बघितलं तर फिनलेस पॉरपॉइज. आपल्या किनाऱ्यालगतच राहतो, पण डॉल्फिनसारख्या उसळ्या मारत नाही, म्हणून बोटीतून फिरणाऱ्या टुरिस्टांना त्याचा पत्ताच नसतो.

आप्पांना नावागावात काही इंटरेस्ट नव्हता. आयुष्यभर गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस, जनावर मेलेलं दिसलं की हात शिवशिवतात. त्यांनी काठीनं ते जरा कलतं केलं. पोटाखाली मधोमध एक चीर होती आणि तिच्या दोन्ही अंगांना आणखी दोन बारीक चिरा, नखानं ओरखडा काढावा एवढ्याच. "मादी आहे गं," म्हणाले, "आचळं आत ठेवलीत बघ, पोहताना पाणी अडायला नको." हे मासे नाहीत, दूध पाजतात, फुप्फुसं असतात, हे शाळेत मार्कांपुरतं सगळ्यांनीच शिकलेलं असतं, पण माण तालुक्यातल्या म्हशी तपासलेला माणूस समुद्रातल्या जनावराची कास शोधतो आणि ती सापडते, तेव्हा ते पाठांतर एकदम खरं होतं.

मग म्हणाले, नाक कुठाय? नाक डोक्यावर, चंद्रकोरीसारखी एक फट. तिच्या कडेला फेस सुकून चिकटला होता. आप्पा बराच वेळ तिकडंच बघत बसले. जाळ्यात अडकून गुदमरली असेल, नाहीतर न्यूमोनिया, फुप्फुस उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले. फुप्फुस कोणीच उघडलं नाही. दुपारी माणसं आली, टेप लावून मोजलं, फोटो काढले, जेसीबीनं खड्डा केला आणि पुरलं. तेही बरोबरच होतं म्हणा, ऊन चढत होतं आणि कुत्री जवळ सरकत होती. पण आप्पा परतीच्या रस्त्यात, कुंभार्ली घाट चढून आम्ही पाटणला चहाला थांबलो तरी, मधेच म्हणायचे, बघायला पाहिजे होतं.

त्या फेसामुळं मी वाचायला लागले. रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसायचं आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तसं. आणि वाचता वाचता जे हाताला लागलं ते आप्पांच्याच नोकरीच्या दारात येऊन थांबलं, म्हणून हे लिहितेय.

डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रात अनहोल्ट नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथं वाळूवर हार्बर सील, म्हणजे समुद्रात पोहणारी, दूध पाजणारी जनावरं, पडून असतात. १९८८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या गाभण माद्यांची पिल्लं दिवस भरायच्या आत पडायला लागली. मग मोठी जनावरं. डोळ्यांतून नाकातून चिकट पाणी, खोकला, धाप, ताप. काहींची मान फुगलेली, कारण फुप्फुसातली हवा फुटून कातडीखाली शिरलेली, आणि अशा सीलला बुडीच मारता येत नाही, बुचासारखं वर तरंगत राहतं, आणि ज्याचं पोट बुडी मारण्यावर आहे ते तरंगत राहिलं की काय होणार. अनहोल्टवरून हे डेन्मार्क, जर्मनी, हॉलंड, इंग्लंड असं किनाऱ्या-किनाऱ्यानं पसरलं. वर्ष संपेपर्यंत २३,००० च्या आसपास सील मेले.

लोकांचा पहिला संशय प्रदूषणावर गेला. साहजिक होतं, उत्तर समुद्रात कारखान्यांनी काय काय ओतलं होतं ते सगळ्यांना माहिती होतं आणि बीचवर मेलेल्या सीलचे फोटो रोज पेपरात. पण हॉलंडमध्ये अल्बर्ट ऑस्टरहाऊस नावाचे व्हायरसवाले आणि त्यांचे सहकारी याच्या मागं लागले, आणि आजारी सीलच्या रक्तात त्यांना कुत्र्यांच्या डिस्टेंपर नावाच्या रोगाशी जुळणाऱ्या खुणा मिळाल्या. पुढं कळलं की कुत्र्याचा नाही, त्याचा सख्खा भाऊ, सीलचा स्वतःचा डिस्टेंपर. पॉरपॉइज आणि डॉल्फिनमध्ये आणखी एक भाऊ सापडला. हे सगळं खानदान म्हणजे मॉर्बिलीव्हायरस. लॅटिनमध्ये मॉर्बिली म्हणजे छोटा आजार, आता याला छोटा म्हणणाऱ्याच्या पाया पडावं.

मी हे आप्पांना वाचून दाखवत होते. डोळ्यानाकातून पाणी, ताप, गाभ पडणं, एवढं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बुळकांडीच की ही."

आणि खरंच तसं आहे हो. गायीबैलांची बुळकांडी, माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, सीलचा, डॉल्फिनचा, देवमाशाचा, ही सगळी एका घरातली भावंडं. गोवर तर बुळकांडीतूनच फुटून निघाला असं मानतात, माणूस गुरं बाळगून दाटीवाटीनं राहायला लागल्यावर कधीतरी गोठ्यातलं घरात आलं. मला मात्र दर वेळी एकच चित्र दिसतं, की एका सोप्यात सगळी पंगतीला बसलीत, कोण शेतात वाढलं, कोण वाड्यात, कोण उकिरड्यावर, आणि एक जण फार लांब जाऊन समुद्रात राहिलाय.

ज्यांना बुळकांडी माहिती नाही (म्हणजे माझ्या वयाच्या खालचे जवळपास सगळेच) त्यांच्यासाठी थोडं. हा रोग गोठ्यात शिरला की गोठा रिकामा करायचा. आमच्या पणजोबांच्या वेळी आठ दिवसांत सहा बैल गेले आणि त्या वर्षी शेत माणसांनी ओढलं, ही गोष्ट घरात अजून सांगतात. या रोगापायी इंग्रजांनी १८८९ मध्ये आपल्या पुण्यात, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, एक प्रयोगशाळा काढली, पण असले जंतू भर वस्तीत नकोत आणि हवा थंड हवी, म्हणून ती चार वर्षांत हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तीच. आप्पांच्या नोकरीची पहिली कितीतरी वर्षं लस टोचण्यात गेली. बर्फाचा थर्मास खांद्याला, एसटीनं शेवटच्या गावापर्यंत, पुढं सायकल. लस एकदा कालवली की उन्हात ठेवायची नाही, दोन तासांत संपवायची, म्हणून ते आधी सगळं गाव गोळा करायचे, मगच बाटली फोडायचे. टोचलेल्या गुराच्या शिंगाला गेरूचं बोट ओढायचे, परत तेच जनावर पुढं यायला नको म्हणून. ही त्यांची स्वतःची शक्कल. भारतातली शेवटची बुळकांडी १९९५ मधली, आणि २०११ ला जगातूनच ती संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. त्या दिवशी आप्पांनी पेपरातली बातमी कापून ठेवली होती, आठ ओळींची होती, आतल्या पानावर.

तर समुद्रातल्या भावाकडं परत येऊ.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते २००२. चौदा वर्षांनी तोच रोग परत आला, आणि परत त्याच अनहोल्ट बेटावरून. या वेळी ३०,००० च्या आसपास सील मेले. आधीपेक्षा जास्त! म्हणजे मधल्या काळात सीलांची संख्या छान वाढली होती, लोक खूश होते, आणि ती वाढलेली सगळी तरुण पोरं होती, १९८८ नंतर जन्मलेली, ज्यांच्या अंगाला हा रोग माहितीच नव्हता. गोवर एकदा झाला की परत होत नाही, आपल्याकडं आज्या म्हणायच्या तेच, अंगात त्याची आठवण राहते. १९८८ मधून वाचलेल्या म्हाताऱ्या सीलांच्या अंगात ती आठवण होती, पण ते एकेक करून संपत गेले आणि आठवण पिल्लांना वारसानं मिळत नाही. आईच्या दुधातून थोडे दिवस मिळते तेवढीच.

मग मधली चौदा वर्षं व्हायरस होता कुठं? असल्या व्हायरसला जिवंत राहायला मोठी वस्ती लागते, सतत नवी न झालेली पोरं लागतात. गोवराला काही लाखांचं शहर लागतं म्हणतात. हार्बर सीलांची वस्ती तेवढी नाही, त्यांच्यात तो भडकतो आणि जळून संपतो. पण वर उत्तर ध्रुवाकडं हार्प सील लाखांनी आहेत आणि त्यांच्यात हा फारसा गाजावाजा न करता फिरत असतो. १९८८ च्या आधी एक-दोन वर्षं हे हार्प सील कधी नव्हे ते मोठ्या संख्येनं खाली उत्तर समुद्रात आले होते, बहुतेक मासे मिळेनात म्हणून. उपाशी पाहुणे आले, त्यांच्याबरोबर हेही आलं असावं. जत्रेतून साथ गावात यायची, तसं.

डॉल्फिनांचंही अगदी असंच. १९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत ७४० च्या वर बॉटलनोज डॉल्फिन वाळूवर आले. तेव्हा ठपका ठेवला विषारी शेवाळावर, लाल भरतीवर. काही वर्षांनी जपून ठेवलेले तुकडे परत तपासले तेव्हा त्यात मॉर्बिलीव्हायरस निघाला. आणि पंचवीस वर्षांनी, २०१३ ते २०१५, त्याच किनाऱ्यावर परत, या वेळी १,६०० च्या वर. तुकडे कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून कळलं, हे वाचताना मला तो जेसीबी आठवला.

बरं, प्रदूषण पूर्ण निर्दोष सुटलं का, तर नाही. यावर हॉलंडमध्ये एक प्रयोग झाला, साधा पण मला फार आवडलेला. २२ सील घेतले, दोन गट केले. एका गटाला अडीच वर्षं बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे खायला दिले, दुसऱ्याला अटलांटिकमधले. मासा तोच, फक्त बाल्टिकचा जास्त दूषित, पीसीबी वगैरे रसायनं असलेला. आणि हा मासा काही मुद्दाम विष घालून बनवलेला नव्हता, बाजारात माणसांना खायला जातो तोच. बाल्टिकवाल्या सीलांची प्रतिकारशक्ती खाली गेली. १९९० मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाजवळून भूमध्य समुद्रात स्ट्राइप्ड डॉल्फिनांची साथ सुरू झाली, तेव्हाही मेलेल्यांच्या चरबीत पीसीबी वाजवीपेक्षा जास्त सापडलं. ही रसायनं चरबीत साठतात, लघवीवाटे जात नाहीत. मादीला ती अंगातून काढायचा मोठा रस्ता एकच, दूध. त्यामुळं डॉल्फिनच्या पहिल्या पिल्लाच्या वाट्याला आईनं आयुष्यभर साठवलेलं बरंचसं येतं. हे मी आप्पांना सांगितलं नाही, त्या दोन चिरा आम्ही दोघांनी बघितल्या होत्या.

सैबेरियातल्या बैकल तलावातल्या सीलांना तर सरळ कुत्र्यांचाच डिस्टेंपर झाला, १९८७-८८ मध्ये, हजारो मेले. समुद्रापासून शेकडो मैल आत, गोड्या पाण्यात, काठावर गावं, गावात कुत्री. गुहागरची ती दोन कुत्री पण लसबिस घेतलेली नव्हती एवढं नक्की.

एवढ्या वेळ एकाच घराण्याबद्दल बोलतेय, पण दुसरं घराणं पण आहे आणि ते सध्या जास्त माजलंय. बर्ड फ्लू. याबद्दल आप्पा बोलत नाहीत. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला एच५एन१ सापडला आणि ठिकठिकाणाहून पशुसंवर्धनची माणसं तिकडं पाठवली, त्यात आप्पा होते. लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या. पांढरा सूट, मास्क, गॉगल, आत घामाच्या धारा. घरी आले ते आठ दिवस अंडं खाल्लं नाहीत, आणि त्यांना अंड्याची भुर्जी म्हणजे जीव की प्राण. आयुष्यभर जगवायला टोचलं आणि शेवटी शेवटी हे, असं एकदाच म्हणाले होते, आईला, माझ्याशी नाही.

त्या एच५एन१ चं मूळ चीनमधल्या ग्वांगडाँगच्या १९९६ मधल्या एका बदकहंसाकडं जातं. नवापूरचा त्याच वंशातला. आणि त्याच वंशाचा एक पुढचा फाटा पक्ष्यांबरोबर फिरत फिरत २०२२ च्या शेवटी दक्षिण अमेरिकेत उतरला. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर सी लायन मरायला लागले, आकडा हळूहळू तीस हजारांच्या वर गेला. मग खालच्या टोकाला वळसा घालून अटलांटिकच्या बाजूनं अर्जेंटिनात. २०२३ च्या ऑक्टोबरात, ऐन वीण चालू असताना, वाल्देस द्वीपकल्पावरच्या एलिफंट सीलांमध्ये शिरला. त्या हंगामात तिथली १७,००० च्या वर पिल्लं मेली. शंभरातली पंच्याण्णवच्या वर. आदल्या वर्षी शंभरात एक पण मेलं नव्हतं. मार्सेला उहार्त आणि क्लाउदियो कंपान्या वर्षानुवर्षं तिथं काम करणारी माणसं, ज्या किनाऱ्यावर पिल्लांच्या ओरडण्यानं कान किटायचे तिथं ते पोचले, तेव्हा ओळीनं नुसती काळी मेलेली पिल्लं पडलेली.

त्याचा एक फोटो आप्पांनी माझ्या खांद्यावरून बघितला. मेलेल्या जनावरांमधून पांढरा सूट घातलेला माणूस चाललाय. आप्पा म्हणाले, "आत गरम होत असणार त्याला." आणि उठून पाणी प्यायला गेले.

एलिफंट सीलची वीण म्हणजे आपला बाजार असतो तशी, एका नराभोवती पन्नास-पन्नास माद्या, प्रत्येकीचं पिल्लू, अंगाला अंग लागलेलं, शिंकलं तरी शेजारच्याच्या तोंडावर. देवमासे त्या मानानं ऐसपैस राहतात असं वाटतं, पण तेही श्वास घ्यायला वर येतात ते बरेचदा सोबतीनं, आणि एकाचा फवारा विरायच्या आत दुसरा तिथंच श्वास ओढतो. हवेतून पसरणाऱ्या रोगाला आणखी काय हवं. समुद्रात कोट्यवधी वर्षांपूर्वी गेले, पाय सोडले, केस सोडले, कान सोडले, पण नाक काही सुटलं नाही. तेवढ्या एका दारानं सगळे जमिनीवरचे आजार आत.

त्या फवाऱ्यावरून एक गंमत. एवढ्या मोठ्या जनावराचा शेंबूड तपासणीला घ्यायचा कसा? मेक्सिकोच्या कारिना असेवेदो-व्हाइटहाऊस आणि त्यांच्या जोडीदारांनी काय केलं, रिमोटवर उडणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर घेतलं, त्याला खाली काचेच्या बशा बांधल्या, आणि देवमासा वर आला की नेमकं त्याच्या फवाऱ्यावर नेऊन धरलं. यासाठी त्यांना २०१० चं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं. आता तेच काम ड्रोन करतात. आप्पा हे ऐकून खूप हसले, म्हणाले आम्ही म्हशीच्या नाकात हात घालायचो.

पण त्यांना खरं काय आवडलं ते वेगळंच. हवाईमध्ये माँक सील म्हणून आहेत, जगात सगळे मिळून दीड हजाराच्या आसपास. एवढ्या थोड्या वस्तीत मॉर्बिलीव्हायरस शिरला तर अनहोल्टसारखं परत वाढायला कोणी उरणारच नाही. म्हणून २०१६ पासून तिथल्या लोकांनी साथ यायच्या आधीच लस टोचायला घेतली. लस कुठली, तर फेरेट नावाच्या मुंगसासारख्या पाळीव प्राण्यासाठी डिस्टेंपरवर बनवलेली. लांब दांड्याच्या टोकाला सिरिंज, सील वाळूवर झोपलेलं असताना जायचं, टोचायचं, मागं फिरायचं. तीन ते पाच आठवड्यांनी दुसरा डोस.

मी व्हिडिओ लावला. आप्पांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला.

"दुसऱ्या डोसाला तेच जनावर परत सापडतं कसं?"

मी सांगितलं की अंगावरच्या केसांवर ब्लीचनं नंबर लिहितात, लांबून दिसतो. आप्पा आईकडं वळून म्हणाले, गेरू गं, गेरू. मग व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. एक बाई दांडा घेऊन वाळूतून हळूहळू चाललीय, सील घोरतंय, ती एका जागी थांबते आणि उगाच लांबचा वळसा घेऊन पलीकडून जाते. मला त्यात काही दिसलं नव्हतं.

"ऊन बघ कुठून आहे," आप्पा म्हणाले. "सावली पडू दिली नाही तिनं त्याच्यावर."